वीस पिशव्या, एक पिंप आणि दहा दिवसांची सुट्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडला इमारतीची गच्ची, कोकोपीट भरलेल्या बारा-बारा लिटरच्या वीस पिशव्या, त्यांत टोमॅटो, ढोबळी मिरची आणि दोन-तीन वांगी. रोज सकाळ-संध्याकाळ झारीने खत-पाणी घालता. मे महिन्यात दहा दिवस गावी जायचंय. पाचेक हजारांत घरच्या घरी आपोआप पाणी देणारी यंत्रणा करायची आहे, आणि मुलगा म्हणतोय आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) लावू, ओलाव्याचे सेन्सर लावू. तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात सेन्सरपासून नाही आणि पंपापासूनही नाही. आधी एक आकडा काढा: यंत्रणा बंद पडली तर झाडं किती तास तग धरतील?

मातीत लावलेल्या झाडाला एक दिवस पाणी चुकलं तर ते रुसतं, दुसऱ्या दिवशी माफ करतं. बिनमातीच्या शेतीत तशी ठेव शिल्लक नसते. बारा लिटर कोकोपीटमध्ये झाडाला सहज ओढता येईल असं पाणी साधारण अडीच-तीन लिटर. मे महिन्यात फळावर आलेला टोमॅटो उघड्या गच्चीवर दिवसाला दीड-दोन लिटर पितो. म्हणजे तुमच्याकडे एक दिवस आहे, फार तर दीड. उतारावर ठेवलेल्या पाइपमधून मुळांखालून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत ठेवण्याची जी पद्धत असते, एनएफटी, तिच्यात मे महिन्याच्या दुपारी पंप थांबला तर एक-दोन तासांत पानं लोंबायला लागतात. व्हिडिओत ती फार देखणी दिसते. लोकांना तीच करायची असते. पण ज्या गच्चीवर वीज कधीही जाते आणि दहा दिवस घरात कोणी नाही, तिथे ती करू नका. कोकोपीट आणि ठिबक हेच तुमचं योग्य आहे, आणि ते तुमच्याकडे अर्धं तयारच आहे.

(जाता जाता: आपल्या देशात बिनमातीच्या शेतीचे गाजलेले प्रयोग जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास दार्जिलिंगकडे, कालिंपाँगला केले. त्यांत भर होता तो साध्या वाफ्यांवर आणि हाताने खत-पाणी देण्यावर. पंपाशिवाय काय होऊ शकतं, याचा विचार आपल्याकडे जुना आहे.)

आता पंप. नव्वद टक्के लोक इथे कूलरचा बुडवायचा पंप घेतात आणि मग ठिबकच्या तोट्या ‘चालत नाहीत’ म्हणून तक्रार करतात. अठरा वॅटचा कूलर पंप पाणी जेमतेम पावणेदोन-दोन मीटर उंच चढवतो, म्हणजे दाब झाला पाव बारच्याही आत. आणि दाब सांभाळणारा ड्रिपर, ज्यातून पहिल्या आणि शेवटच्या पिशवीला सारखंच पाणी पडतं, त्याला नीट काम करायला एक बारच्या आसपास दाब लागतो. एक बार म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. पिंप स्टुलावर ठेवून उताराने पाणी सोडलं तर तो मीटरभरच मिळतो. मग जवळच्या पिशव्या चिखल होतात आणि टोकाच्या कोरड्या राहतात.

त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रात जा आणि बॅटरीवरच्या फवारणी पंपाची सुटी मोटर मागा. बारा व्होल्टची डायफ्रॅम मोटर, पाठीवरच्या पंपात असते तीच. दाब भरपूर देते, मिनिटाला तीन-साडेतीन लिटर पाणी टाकते आणि बिघडली तर तालुक्याच्या कुठल्याही गावात मिळते. माझ्या लेखी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. परदेशी साइटवरून मागवलेला सुबक पंप मेमध्ये बंद पडला तर पुढचा जूनमध्ये येतो.

तिच्यात एक खोड आहे. वीस पिशव्यांना ताशी चार लिटरचे वीस ड्रिपर म्हणजे ताशी ऐंशी लिटर, मिनिटाला सव्वा-दीड लिटरच. मोटर टाकते त्याच्या दुप्पट. उरलेल्या पाण्याला जायला वाट नसली की दाब वाढतो, मोटरमधला प्रेशर स्विच तिला बंद करतो, दाब उतरला की चालू करतो, आणि ती टक-टक-टक करत महिन्याभरात स्विच खाऊन टाकते. उपाय सोपा: मोटरनंतर एक टी (तीन तोंडांचा जोड) घाला, तिची एक वाट छोट्या कॉकमधून परत पिंपात सोडा. मोटर सलग चालेल इतपत कॉक उघडा. परत येणाऱ्या धारेने पिंपातलं खत ढवळलं जातं, हा वरचा नफा.

मोटरच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच. कोकोपीटचा एक तंतू चार लिटरच्या ड्रिपरला पुरतो.

नळ्यांबद्दल एक गोष्ट मी तळेगावच्या जरबेराच्या पॉलिहाउसवर ठिबक सांभाळत होतो तेव्हा शिकलो नाही, कारण तिथे नळ्या सावलीत होत्या. ती गच्चीवर शिकलो. सोळा मिलिमीटरची काळी लॅटरल (ड्रिपर जिच्यावर बसवतात ती नळी) पंधरा मीटर टाकली तर तिच्या पोटात दोन लिटरच्या वर पाणी मावतं. दोन पाळ्यांच्या मध्ये हे पाणी उन्हात पडून तापतं. हात लावून बघा, चटका बसेल. वीस झाडांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर-एकशेदहा मिली. तुम्ही एका पाळीत देणार दोनशे मिली, म्हणजे अर्धी पाळी गरम पाण्याची! मी दोन आठवडे मर रोग समजून बुरशीनाशकं देत बसलो होतो. तेव्हा लॅटरल बारा मिलिमीटरची घ्या, तिच्यात पाणी जवळजवळ निम्मंच मावतं, आणि ती पिशव्यांच्या ओळीमागे, सावलीच्या बाजूने न्या. वरून पांढरं कापड किंवा जुना पंचा गुंडाळला तरी चालेल. पिंपालाही बाहेरून पांढरा रंग द्या. झाकण घट्ट हवं, कारण उजेड मिळाला की खताच्या पाण्यात शेवाळ धरतं. पिंप खाण्याच्या पदार्थांसाठीचं घ्या. भंगारवाल्याकडचं रसायनाचं निळं पिंप कितीही धुतलं तरी टोमॅटो तुम्हीच खाणार आहात.

पिंप कुठे ठेवायचं, यावर आता थांबूच. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं आणि ते सगळं वजन पाव चौरस मीटरवर येतं. माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा हिशेब इंजिनिअर सर्वसाधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो धरून करतात. म्हणून पिंप स्लॅबच्या मधोमध नको. खाली बीम कुठून गेलाय ते खालच्या मजल्यावर जाऊन पाहा आणि त्यावर, कॉलमच्या जवळ ठेवा.

दुसरं, पिंपातली पाण्याची पातळी ड्रिपरच्या खाली राहिली पाहिजे. पिंप गच्चीच्या फरशीवर, पिशव्या विटांच्या ओट्यावर. माझं उलट होतं. पिंप ओट्यावर, पिशव्या खाली. पंप थांबला तरी एकदा भरलेल्या नळीतून पाणी ओढलंच जातं, लहानपणी रबरी नळीने टाकी रिकामी करायचो तसं. गणपतीला कोकणात गेलो, पहिल्याच दिवशी सकाळी सात वाजता टाइमरने पंप अगदी वेळेवर चालू केला, वेळेवर बंद केला, आणि संध्याकाळपर्यंत शंभर लिटरचं पिंप कोरडं. पुढचे चार दिवस पंप रोज इमानदारीने हवा देत होता. पावसाळी हवा होती म्हणून टोमॅटो वाचले, मिरच्या गेल्या. डायफ्रॅम मोटरच्या आतले पडदे पाणी मागे येऊ देत नाहीत, पण पुढे जाणारं अडवत नाहीत, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. जागेअभावी पिंप वर ठेवावंच लागलं तर मुख्य नळी पिंपाच्या काठापेक्षा उंच न्या आणि सगळ्यात वरच्या वळणावर सुईने भोक पाडा. पंप बंद झाला की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते.

विजेचं. गच्चीवर, ओल्या फरशीवर, खताच्या पाण्याशेजारी २३० व्होल्ट नेऊ नका. मोटर बारा व्होल्टची घ्यायला सांगितली त्याचं खरं कारण हेच. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी मोटरजवळ सावलीत, डब्यात ठेवा. चार्जर घरात ठेवा आणि तो १३.६ व्होल्टला स्थिर राहणारा असू द्या, म्हणजे बॅटरी कायम जोडून ठेवता येते. मोटर दिवसाला जेमतेम अर्धा तास चालणार आणि तीन अँपिअरच्या आसपास खाणार, म्हणजे दीड अँपिअर-अवर. तीन दिवस वीज गेली तरी झाडांना कळणार नाही. बॅटरी आणि मोटरच्या मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज विसरू नका.

टाइमर. गोल चकतीचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खिट्ट्यांचा टाइमर कामाचा नाही. चार लिटरच्या ड्रिपरमधून पंधरा मिनिटांत लिटरभर पाणी पडतं, आणि वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं. रात्री दोनला पाणी द्यायला लागतो. बारा व्होल्टवर चालणारा डिजिटल टाइमर घ्या, एका मिनिटाच्या अचूकतेचा, आतल्या बॅटरीवर वेळ लक्षात ठेवणारा. अशांत बहुधा दिवसाला पंधरा-सोळा वेळा चालू-बंद करता येतं. तेवढं पुरे.

पाळ्या किती? तीन मिनिटांची एक पाळी म्हणजे झाडाला दोनशे मिली. उघड्या गच्चीवर मे महिन्यात अशा दहा लागतील, पण पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली तर सात पुरतात. तुम्ही नसताना नेट बांधाच. माझं वेळापत्रक असं असायचं: साडेसात, साडेनऊ, अकरा, साडेबारा, दोन, साडेतीन, पाच. पहाटे पाणी देऊ नका, ऊन चढेपर्यंत झाड पीत नाही. संध्याकाळी पाचनंतरही नको, रात्रभर मुळं ओली राहिली की खोडाजवळ कुजतं. थोडं-थोडं, बरेचदा, हे कोकोपीटचं सूत्र. एकदम लिटरभर ओतलं तर निम्मं खाली वाहून जातं.

आणि थोडं वाहून गेलंच पाहिजे. दिलेल्या पाण्याच्या पंधरा-वीस टक्के पाणी पिशवीखालून बाहेर पडायला हवं, नाहीतर क्षार साठत जातात. एका पिशवीखाली परात ठेवा, दिवसाचं पाणी मापून बघा. सात पाळ्यांत १४०० मिली दिलं आणि परातीत दोन-अडीचशे मिली आलं, तर बसलं गणित. परात कोरडी असेल तर एक पाळी वाढवा, अर्धा लिटर साचत असेल तर एक-दोन कमी करा. याच्याइतका प्रामाणिक सेन्सर मी अजून पाहिलेला नाही. हे निचऱ्याचं पाणी तुळशीला, मोगऱ्याला घाला, खुश होतात.

खताचं तुम्ही विचारलं नाहीत, पण झारीने देताना ‘१९:१९:१९ चिमूटभर’ असं लिहिलंय, म्हणून सांगतो. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. मातीत ते मातीतून मिळतं. कोकोपीटमध्ये तुम्ही द्याल तेवढंच. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो तो बहुतेक वेळा इथूनच, किंवा पाण्याच्या पाळ्या चुकल्याने. फळभाज्यांसाठी शंभर लिटर पाण्याला मी असं घेतो: कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चाळीस ग्रॅम, ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) वीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, चिलेटेड लोह (१२ टक्क्यांचं) दोन ग्रॅम, आणि हायड्रोपोनिक्ससाठी मिळणारं चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, त्यात लोह आधीच असेल तर वेगळं लोह घालू नका. फवारणीचं ‘ग्रेड २’ पिंपात ओतू नका, त्यात जस्त लोहापेक्षा जास्त असतं. या मापाने पाण्याची ईसी (विरघळलेल्या क्षारांची तीव्रता दाखवणारा आकडा) मूळ पाण्यापेक्षा साधारण १.७ ने वाढते. मे महिन्यात झाड खाण्यापेक्षा पितं जास्त, तेव्हा सगळी मापं पाऊण करा.

मिसळताना एकच पथ्य. प्रत्येक खत वेगळ्या बादलीत विरघळवायचं, भरलेल्या पिंपात एकेक ओतायचं, कॅल्शियम नायट्रेट सगळ्यात शेवटी. घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम होतो, फॉस्फेटशी आले तरी पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे तुमचे पैसे आणि तुमचे बुजलेले ड्रिपर. शेवटी पीएच बघा, ५.८ ते ६.३ मध्ये आणा. महापालिकेचं पाणी असेल तर फॉस्फोरिक ॲसिडचे काही थेंब पुरतात. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, बायकार्बोनेट पीएच पुन्हा पुन्हा वर ओढतात आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं किटण धरतं. शक्यतो नळाचंच पाणी भरा. किटण धरलेले ड्रिपर रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकले की बरेचसे सुटतात.

नवीन कोकोपीटची वीट आणली असेल तर ती नुसती भिजवून भरू नका. त्यात सोडियम, पोटॅशियमचे क्षार असतात. दोन-तीनदा धुऊन, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात (मी पाच किलोच्या विटेला शंभर ग्रॅम घेतो) रात्रभर ठेवून, पुन्हा धुऊन भरा.

आता मुलाकडे येतो, त्याला नाराज करायचं नाही. दोन टोकं खुपसायचे स्वस्त सेन्सर आणू नका. खताच्या पाण्यात विजेने त्यांचा मुलामा काही दिवसांत खाल्ला जातो आणि ते ‘कोरडं, कोरडं’ ओरडत पंप चालू ठेवतात. कपॅसिटिव्ह सेन्सर टिकतात, पण त्यांचा आकडा खताच्या तीव्रतेने आणि कोकोपीट किती दाबलंय त्याने बदलतो. वीस पिशव्यांचा निर्णय एका पिशवीतल्या बोटभर पट्टीवर सोडायचा, हे मला तरी पटत नाही. त्याला खरंच काही करायचं असेल तर एका पिशवीखाली वीस किलोचा लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) ठेवू दे. निचरा थांबल्यावर पिशवीचं वजन घटतं तेवढं पाणी झाडाने घेतलं किंवा उडून गेलं, यात वाद नाही. दोन आठवडे त्याने फक्त नोंदी काढाव्यात, पंप त्याच्या हातात देऊ नका. आणि कधी दिलाच तर तीन अटी: वेळ वेगळ्या घड्याळाच्या चिपवरून घ्यायची, काही झालं तरी पंप सलग चार मिनिटांच्या वर चालणार नाही, आणि वीज परत आल्याक्षणी पंप बंदच असला पाहिजे. बाजारातले बरेच रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारे स्विच) बोर्ड सुरू होताना क्षणभर चालू होतात, आणि बोर्ड तिथेच अडकला तर पंप चालूच राहतो. मोटरवर उलटा डायोडही हवा, नाहीतर बंद होताना तिचा झटका बोर्डाला बसतो.

राहिला पाण्याचा साठा. सात पाळ्यांनी दिवसाला २८ लिटर, दहा दिवसांचे २८० लिटर. दोनशे लिटरचं पिंप सातव्या दिवशी तळाला जाईल. आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह सोसायटीच्या टाकीला जोडायचा मोह होईल. सुट्टीत नको. टाकीतून नुसतं पाणी येतं, खत पातळ होत जातं. आणि व्हॉल्व्ह अडकला तर तुमच्या पिंपातून अख्ख्या सोसायटीचं पाणी गच्चीवर. दोनशे लिटर संपले की संपले, ही मर्यादाच तुमचं संरक्षण आहे. त्याऐवजी पाचव्या दिवशी कोणीतरी भर घालायची.

निघण्याच्या आधी पूर्ण एक आठवडा यंत्रणा चालवा, घरी असताना, झारीला हात न लावता. पहिल्या दिवशी प्रत्येक ड्रिपरखाली एकेक वाटी ठेवून एक पाळी मापा. दोनशेच्या जागी कुठे दीडशे आले तर तो ड्रिपर बदला. शेवटची टोपी उघडून नळी एकदा धुवा. तिसऱ्या दिवशी चार्जर मुद्दाम काढून ठेवा, चौथ्या दिवशी जोडा. जे बिघडायचं ते या आठवड्यात बिघडू दे.

आणि शेजारच्या काकूंना किल्ली देताना टाइमर समजावत बसू नका. त्यांच्याकडे दोनच कामं. पाचव्या दिवशी पिंपात खुणेच्या रेघेपर्यंत नळाचं पाणी भरायचं आणि तुम्ही मापून ठेवलेली द्रावणाची बाटली क्रमांक एक ओतायची, थोडं ढवळून मग क्रमांक दोन, कॅल्शियमची. आणि रोज दुपारी वर कपडे काढायला जातील तेव्हा परातीत पाणी दिसतंय का तेवढं बघायचं. नसेल तर तुम्हाला फोन, आणि तुमचा फोन लागला नाही तर कोपऱ्यातली झारी.